कव्हरं एकाकडे, मजकूर दुसऱ्याकडे

मुलुंड पूर्व, १४ डिसेंबर २०२४

श्री. यशवंत परुळेकर यांना नमस्कार.

आपली ओळख नाही, तेव्हा आधी ती करून देतो. मी अंबादास खळदकर. विमा कंपनीतून निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरात मी, माझी बायको मृणालिनी आणि उरलेल्या जागेत माझा छंद. मी जुनी कॉमिक्स जमवतो. खरं म्हणजे कॉमिक्सही नाही, त्यांची मुखपृष्ठं. शिवाय काडेपेट्यांवरची चित्रं, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं, साबणाच्या जाहिरातींची कॅलेंडरं. बायको याला रद्दी म्हणते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याला वारसा म्हणतात. मला दोन्ही पटतं, कोण समोर आहे त्यावर अवलंबून.

पत्राचं कारण असं, की 'पाणबुड्या प्रताप' या पाक्षिकाची पहिल्यापासून शेवटच्या अंकापर्यंत सगळी कव्हरं नुकतीच माझ्या हाती आली. तुम्हाला ती आठवत असणारच. 'मगरराणीचा सूड' वर प्रतापच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. छापताना लाल रंग सरकला, त्यामुळे मगरराणीचे ओठ तोंडावर आणि लाली गालावर. 'बुडालेले विमान' वर प्रताप समुद्राच्या तळाशी बंदूक रोखून उभा आहे आणि नळीतून धूर निघतोय. पाण्याखाली धूर. चित्रकाराला कुणी विचारलं नसेल आणि विचारलं असतं तरी त्याने पुसला नसता, कारण धुराशिवाय बंदूक उडाली हे पोरांना कळणार कसं? मी हे कव्हर टेबलावर ठेवून सकाळचा चहा घेतो. दिवस बरा जातो.

कव्हरं इतकी ताजी आहेत की काल छापल्यासारखी वाटावीत. अंधारात, आडवी, कपड्यांच्या घडीखाली राहिलेली. पण आत काहीच नाही. नुसती कव्हरं, आणि तीही पिना सोडवून काढलेली नाहीत, ओरबाडलेली आहेत. एका ठिकाणाहून असं समजलं की या अंकांचा आतला मजकूर तुमच्याकडे असावा.

तुमचा पत्ता मिळवायला थोडी पायपीट केली. एका कव्हरच्या आतल्या बाजूला 'प्रताप मित्रमंडळा'ची यादी छापली आहे, त्यात 'यशवंत (बाळ) परुळेकर, विक्रोळी, छंद : चित्रकला, पोहणे' असं आहे. विक्रोळीत तुमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे, पण गणेशोत्सव मंडळ तेच आहे. तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्याने घाटकोपरच्या तुमच्या भाच्याकडे पाठवलं. भाचा म्हणाला, "मामा बेळगावला असतो, फोन उचलत नाही. पत्र टाका, पत्राला उत्तर देतो."

म्हणून विचारतो. मजकूर अजून असेल तर माझी घ्यायची तयारी आहे, किंमत तुम्ही सांगाल ती. कव्हर आणि मजकूर यांची इतक्या वर्षांची ताटातूट संपावी, एवढाच हेतू.

आपला,
अंबादास खळदकर


मुलुंड पूर्व, २ जानेवारी २०२५

श्री. परुळेकर यांना,

तुमचं कार्ड मिळालं. तीन वाक्यांचं कार्ड मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. 'मजकूर आहे. विकायचा नाही. कव्हरं तुमच्याकडे कशी आली?'

विकायचा नाही हे समजलं. आग्रह करत नाही, पण विचार बदलला तर माझं नाव लक्षात असू द्या. मी वस्तू नीट ठेवतो. प्रत्येक कव्हर वेगळ्या पाकिटात, पाकिटात पुठ्ठा, कपाटात डांबराच्या गोळ्या. बायकोच्या साड्यांना एवढी सोय नाही, असं तीच म्हणते.

कव्हरं कशी आली म्हणाल तर साधी गोष्ट आहे. कांदिवलीला चारकोपमध्ये एक रद्दीवाला माझ्या ओळखीचा आहे. जुनं काही आलं की तो बाजूला काढून ठेवतो. ही त्याच्याकडूनच मिळाली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती तुम्हाला माहीत नसेल तर. ही कव्हरं ज्यांच्या घरून आली ते श्री. राजाराम घाडी दिवाळीनंतर वारले. हृदयविकार. विक्रोळीच्या कारखान्यात आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर चारकोपला राहायचे. मागे पत्नी शुभाताई आणि मुलगी श्रुतिका. तुमची आणि त्यांची लहानपणी ओळख होती असं कानावर आलं, म्हणून कळवलं. वाईट वाटलं असेल तर माफ करा. अशी बातमी अनोळखी माणसाने देऊ नये.

शेवटच्या अंकाचं कव्हर, 'प्रतापचा अखेरचा सूर', सगळ्यांत देखणं आहे हे मात्र सांगायलाच हवं. वाचकांच्या चित्रस्पर्धेतलं पहिलं बक्षीस म्हणून ते छापलं होतं. प्रताप पाण्यात उडी मारतोय आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब वर येतंय, दोघांचे हात जवळजवळ टेकलेत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं हे काम आहे हे खरं वाटत नाही. हिरवा रंग तर असा, की बोट लावलं तर ओलं होईल.

अंबादास खळदकर


मुलुंड पूर्व, १९ जानेवारी २०२५

श्री. परुळेकर यांना,

तुमचं दुसरं कार्ड आलं. राजारामबद्दल त्यात काही नाही. एकच प्रश्न आहे, 'शेवटच्या अंकाच्या कव्हरवर हाताने काही लिहिलेलं आहे का?'

नाही. कव्हर अगदी स्वच्छ आहे. कोपऱ्यात छापील 'चित्र : राजाराम घाडी' एवढंच आहे, बाकी कुठे रेघ नाही, डाग नाही, कुणाची सही नाही. जुन्या कव्हरवर पोरंटोरं काहीबाही खरडतात, त्याने सगळी मजा जाते. हे त्यातून वाचलंय.

तुम्ही का विचारलंत ते कळवलंत तर बरं होईल.

अं. ख.


मुलुंड पूर्व, ९ फेब्रुवारी २०२५

परुळेकर साहेब,

तुमचं उत्तर आलं नाही आणि येणार नाही हे आता मला कळतं. तुम्ही का विचारलं होतंत तेही कळलंय. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्या पत्रातही. आता खरं लिहितो. लिहिताना उठून दोनदा पाणी पिऊन आलो, यावरून काय ते समजा.

चारकोपला माझ्या ओळखीचा रद्दीवाला नाही. माझी पद्धत वेगळी आहे. मी रोज सकाळी पेपरातला निधनाचा रकाना वाचतो. माणूस माझ्या वयाचा, वस्ती जुनी, असं काही दिसलं की तेरावं होऊन गेल्यावर भेटायला जातो. अशा घरी कुणी येणाऱ्याला 'तुम्ही कोण' विचारत नाही. 'जुनी ओळख' म्हटलं की सतरंजीवर जागा होते. अशा घरी हात हलवतच जायचं असतं, त्यामुळे त्याचाही प्रश्न नाही. थोडा वेळ मान खाली घालून बसायचं, मग हळूच विषय काढायचा की त्यांना जुन्या पुस्तकांची आवड होती ना. घरची माणसं नेमकी तेव्हाच कपाटं रिकामी करत असतात. देऊन टाकतात. कधी कधी आभारही मानतात.

मृणालिनीला हे माहीत आहे. ती एकदाच बोलली, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच." मी म्हणालो, मी काही चोरी करत नाही. ती म्हणाली, "नाही ना, चोर निदान मागच्या दाराने जातो."

घाडींच्या घरीही मी असाच गेलो. शुभाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नेहमीसारखं विचारलं, "त्यांच्याकडे लहानपणीची चित्रांची पुस्तकं असतील ना अजून?" आणि त्या एकदम रडायला लागल्या. मला वाटलं, काही चुकलं. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्ही बाळ भावजी ना? तुमच्याशिवाय त्यांच्या पुस्तकांचं कोण विचारणार?"

परुळेकर साहेब, 'नाही' म्हणायला एक क्षण लागतो. तो क्षण माझ्याकडे होता. पण तेवढ्यात श्रुतिकाने कपाटातून साड्यांच्या खालून कापडात गुंडाळलेली कव्हरं आणली आणि वरच मगरराणी दिसली, लालीसकट. मी म्हणालो, "हो. मीच बाळ."

मग शुभाताईंनी सांगितलं. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मुलीचं लग्न करू म्हणाले, गावच्या घराची डागडुजी करू म्हणाले, तरी शिवेना. सगळे ताटकळले. शेवटी शुभाताई पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तुमच्या बाळला शोधून कव्हरं त्याच्याच हातात देईन." आणि कावळा आला. त्यानंतर आठवडाही गेला नसेल आणि मी दारात उभा. त्यांना वाटलं, शब्द पाळायला देवानेच माणूस पाठवला. त्यांनी कव्हरं माझ्या हातात दिली, वर हळदकुंकू लावलं, आणि म्हणाल्या, "च्या घेतल्याशिवाय जावंक देवचंय नाय." मी चहा घेतला. निघताना सवयीने 'येतो' म्हणालो. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण कव्हरं काखेत असताना मला काही सुचत नव्हतं. त्या चपापल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, "या भावजी. तुम्ही आता येतच राहा."

त्या फोन करतात. मला जावं लागतं. मी चार-पाच वेळा गेलोय. तुमचं बालपण मी तिथे बसून तुमच्या नावावर ऐकलंय, आणि मध्येमध्ये मान डोलावलीय. तुमचं भांडण मला तिथेच कळलं. चित्र तुम्ही काढलं होतंत, रंग त्यांनी भरले होते, आणि स्पर्धेला पाठवताना पाकिटावर नाव मात्र त्यांनी एकट्याचं घातलं. अंक छापून आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला कव्हरच हवंय ना? घे," आणि दोघांच्या पैशाने घेतलेल्या सगळ्या अंकांची कव्हरं ओरबाडून त्यांच्या अंगावर टाकलीत. मजकूर घेऊन गेलात. जाताना म्हणालात, यावर माझं नाव लिहिशील तेव्हा तोंड दाखव.

त्यांनी नाव लिहिलं होतं. गेल्या रविवारी शुभाताई सहज म्हणाल्या, "त्यांनी कोपऱ्यात लिहिलेलं वाचलंत ना? भांडणानंतर लगेच लिहिलं होतं. पेनाने लिहिलं तर कव्हर खराब होईल, बाळ रागवेल, म्हणून पेन्सिलीने. पण तुम्हाला दाखवायला जायचं धाडस काही झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले." मी म्हणालो, "वाचलं." हे मात्र खरं होतं.

मी ते वाचलं होतं. छापील नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'चित्र : बाळ. रंग : राजाराम.' कव्हरं घरी आणली त्याच संध्याकाळी वाचलं, आणि मला त्याचा फक्त राग आला. इतकं सुंदर कव्हर आणि त्यावर पेन्सिलीची खरड. ग्रुपवर फोटो टाकायचा होता. शिळ्या पावाचा गर घेतला आणि हलक्या हाताने पुसून काढलं. पुसताना मला माझ्या हाताचं कौतुक वाटत होतं. रंग जरासुद्धा उडाला नाही. फोटोला ग्रुपवर भरभरून दाद मिळाली.

आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी लिहिलं की काही नाही, स्वच्छ आहे. बेळगावात बसून तुम्ही काय समजला असाल ते माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. त्यांनी तुमचं नाव लिहिलं होतं. मी पुसलं. ते तुमच्यावर रुसून गेले नाहीत, हे एवढं तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करा. माझ्या शब्दाला काय किंमत उरलीय ते मला ठाऊक आहे.

अंबादास खळदकर


मुलुंड पूर्व, २३ फेब्रुवारी २०२५

परुळेकर साहेब,

पत्र टाकल्यावर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तुमच्यापुढे कबुली देणं सोपं होतं, तुम्ही लांब आहात. म्हणून काल चारकोपला गेलो. मृणालिनी म्हणाली, मीही येते. मी नको म्हणालो. तिच्यादेखत बोलायची लाज वाटत होती.

कव्हरं सगळी परत नेली होती, पाकिटांसकट. शुभाताईंनी नेहमीसारखं पाणी आणलं. मी ग्लास हातात घेतला नाही. म्हणालो, "मी बाळ नाही. माझं नाव अंबादास खळदकर. राजारामना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. कव्हरांसाठी आलो होतो."

त्यांना आधी कळलंच नाही. त्या श्रुतिकाकडे बघायला लागल्या, जणू मी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललो. श्रुतिकाला कळलं. ती बँकेत असते, रोज माणसं बघते. ती म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडे तीन महिने येताय. आईने तुम्हाला बाबांचा शर्ट दिलाय." खरंच दिला होता. तोही मी पिशवीत घालून नेला होता.

मग मी पुसलेल्या अक्षराचं सांगितलं. श्रुतिकाने कव्हर काढून फोनचा टॉर्च आडवा धरला. पेन्सिल दाबून लिहिलेली असली की कागदाला खळगा राहतो, आम्हा जमवणाऱ्यांना हे माहीत असतं, तिला कसं सुचलं कोण जाणे. आडव्या उजेडात 'रंग : राजाराम' दिसलं, पुसट पण दिसलं. त्याच्या आधीचं दिसेना. तिने टॉर्च सगळीकडून फिरवला. शुभाताईंनी तिथे बोट फिरवून पाहिलं. 'चित्र : बाळ' एवढी जागा गुळगुळीत होती. रेघ तिथे गडद होती, त्यांनी तुमचं नाव जोर देऊन लिहिलं असणार, म्हणून मीही तिथेच जास्त घासलं.

शुभाताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं झालं असतं. कव्हर मांडीवर घेऊन स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजे कोणीच इला नाय. कावळो फुकटच शिवलो." आणि मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे, "तुम्ही जावा."

मी उठलो. या वेळी 'येतो' म्हणालो नाही.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण सांगतो. त्या बाईंनी घाटावर दिलेला शब्द माझ्यामुळे मोडलाय. तो पुरा करणारा माणूस जगात एकच आहे. माझ्यावर राग काढायचा असेल तर काढा, पण एकदा चारकोपला जा. नाव लिहिलं होतं, हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐका. सेक्टर दोन, बस स्टॉपच्या समोरची इमारत, दुसरा मजला, दारावर अजून 'रा. गो. घाडी' अशीच पाटी आहे. मला काही कळवू नका.

अंबादास खळदकर


मुलुंड पूर्व, १७ मार्च २०२५

परुळेकर साहेब,

हे पत्र बेळगावला पाठवत नाही. तुम्ही घाटकोपरला भाच्याकडे उतरला आहात असं कळलं. त्याच्या इमारतीपर्यंत मी स्वतः येऊन हे खालच्या पत्रपेटीत टाकणार आहे. वर येऊन बेल वाजवायची हिंमत नाही.

काल दुपारी श्रुतिकाचा फोन आला. तिच्या फोनमध्ये माझं नाव अजून 'बाळकाका' असंच असेल, या विचाराने आधी उचलवेना. उचलला तर ती संतापली होती. "काका, तुम्ही आता कुणाला पाठवलंत?" मी म्हणालो, कुणालाच नाही. ती म्हणाली, "एक म्हातारे आले होते. म्हणे मी बाळ. आईने आतून विचारलं, आता हे कितवे? मी आधार कार्ड मागितलं, त्यावर नाव यशवंत. आम्ही जाळीचं दार उघडलं नाही. तुम्हाला अजून काय हवंय आमच्याकडून?"

मी विचारलं, त्यांच्या हातात काही होतं का? म्हणाली, जाड कापडी पिशवी होती, दोरीने बांधलेली. मी विचारलं, ते काही बोलले का? म्हणाली, "नाही. एवढंच म्हणाले, बरं. आणि जिना उतरून गेले. कठडा धरून, एकेक पायरी."

 त्या पिशवीत काय होतं ते मला माहीत आहे. तुम्ही तिची दोरी तिथेच जिन्यात सोडली असतीत, एक अंक जाळीतून दाखवला असतात, तर दार लगेच उघडलं असतं. तुम्ही ती उघडली नाहीत. ज्या पोराने सगळी कव्हरं ओरबाडली तेच पोर अजून आहे, असं आधी मनात आलं. मग लाज वाटली. मित्राच्या दारात आपण कोण हे सिद्ध करायला तुम्ही पुरावा का काढावा? आजवर तिथे कुणाला पुरावा लागला नव्हता. मी तर नुसता प्रश्न विचारला आणि आत गेलो, आणि मला चहा मिळाला. तुमच्या वाट्याचा विश्वास मी आधीच खाऊन संपवला होता, म्हणून तुमच्याकडे आधार कार्ड मागितलं गेलं.

श्रुतिकाला मी शपथेवर सांगितलं की ते खरे बाळ आहेत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही शपथ घेताय, काका?" एवढंच. तिचं बरोबर आहे. माझ्या तोंडून निघालेलं खरंसुद्धा आता तुमचं नुकसानच करणार. फोनवर, पत्रात, मी कितीही सांगितलं तरी त्यांना वाटणार, हा पुन्हा काहीतरी रचतोय.

रात्री मृणालिनीला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं की मी सगळं मिटवून आलोय. ती म्हणाली, "तुम्ही तिथून पळून आलात. माफी मागून पळालात, पण पळालातच." मी म्हणालो, मग आता काय करू, त्या बाईंना माझं तोंड बघायचं नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला वेळ लागला. शुभाताईंनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या मनात बाळ म्हणजे मी, माझा हा चेहरा. तो चेहरा तिथे राहिलाय तोवर दुसरा कुणीही आला तरी तो नक्कलच ठरणार. तेव्हा तुम्ही एकट्याने पुन्हा जाऊन उपयोग नाही, आणि मी एकट्याने जाऊन तर नाहीच. दोघांनी एकाच वेळी त्या दारासमोर उभं राहायला हवं. मी तिथे शेजाऱ्यांसमोर, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगेन की खोटा मी आहे. खोटा कोण ते त्यांना डोळ्यांनी दिसलं की खरा कोण ते तुम्हाला सिद्ध करावं लागणार नाही. पिशवी तुम्ही बांधलेलीच ठेवा. आत गेल्यावर, त्या म्हणतील तेव्हा सोडा. मी आत येणार नाही.

शुभाताई मला काय बोलतील ते बोलू देत. श्रुतिकाने इमारतीच्या लोकांना बोलावलं तरी चालेल. मला भीती वाटते, हे लपवत नाही. या वयात लोकांनी जिन्यात गोळा होऊन आपल्याकडे बघावं असं कुणाला वाटतं? पण तुम्हाला काल कठडा धरून तो जिना उतरावा लागला, आणि तो माझा होता.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी चारकोपला, त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी उभा असेन. तुम्ही आला नाहीत तर त्याच्या पुढच्या रविवारीही असेन. उंची बेताची, पांढरी मिशी, जाड काचांचा चष्मा. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे शोधत बसू नका, सरळ वर चढायला लागा. पिशवीवरून मी तुम्हाला ओळखेन आणि तुमच्या मागून येईन. त्या मला ओळखतात.

अंबादास खळदकर